मानसिंगचा पुरुष पार्ट

सांगलीत दादासोंची नाटक कंपनी हुती तवाची गोष्ट. कंपनीची राणी मेढ्याकडची हुती आन तिचं नाव मानसिंग हुतं.

मानसिंग चवदाव्या वर्सी कंपनीत आला. आवाज गोड, मान लांब, आन कंबर अशी की मुठीत धरून कुनी पिशवीत घालून न्यावी. दादासोंच्या वडलांनी त्येला नऊवारी नेसवली, ती त्येनं पुढं चोवीस वर्सं सोडली न्हाई. कंपनीतली मानसं त्येला मनुबाईच म्हनायची. त्यो स्टेजवर लाजला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची पागोटी आपोआप वाकडी व्हायची. कृष्णेच्या घाटावर त्यो सकाळी तोंड धुवाय बसला तर मासं काठाला येऊन रांगंत हुबं ऱ्हायचं. तासगावकडच्या एका पाटलानं तर सरळ सोयरीकच धाडली. नारळ, शालू आन गाडीभर हळद. लोकांनी पाटलाला बाजूला घेऊन सांगितलं, आवं, ही राणी रोज सकाळी दाढी करती. पाटील म्हनला, करू द्या की, घरात वस्तरा हाय.

लगीन झालं हुतं मानसिंगचं. बायको चार महिनं नांदली आन माहेरी गेली ती गेलीच. म्हनली, एका घरात दोन बाया कशाला. आन दुसरी माज्यापेक्षा बरी दिसती.

मानसिंगला त्येचं फार काय वाटलं न्हाई. त्येला एकच ठावं हुतं. गॅसबत्त्या पेटल्या, पडदा वर गेला, हजार मानसं आपल्याकडं बगाय लागली, की आपुन हाय. पडदा पडला की मग आपुन हाय का न्हाई, ह्येची त्येलाच खातरी नसायची. नुसतं बसून ऱ्हायचा, दुसऱ्या खेळाची वाट बगत.

मग लढाई आली. लढाई कुटं ब्रह्मदेशात, पन सांगलीत रॉकेल मिळंना. घरात दिव्याला मिळंना तितं नाटकाच्या गॅसबत्तीला कोन देतंय? त्रेचाळीस साल आसंल. दादासोंनी दोन म्हैनं खेळ बंद ठेवलं, आन मग त्येंच्या डोक्यात आलं की नाटक दिवसा करायचं. बाजाराच्या दिवशी, दुपारचं, लोक गावात आलेलेच असत्यात. थेटराची वरची आठ पत्रं काडली, उजेड आत घेतला आन दवंडी दिली.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात ऊन सरकत सरकत मानसिंगच्या पायावरनं निऱ्यांवर आलं, निऱ्यांवरनं गळ्यावर आलं. सकाळी दाढी केलेली, पन दुपारच्याला गालावर हिरवट झाक आलीच. गॅसबत्तीनं चोवीस वर्सं जे झाकून ठिवलं ते उनानं घटकाभरात भाईर काडलं. तिसऱ्या अंकात राणी मरायची. इख पिऊन, राजाचं नाव घेत. मानसिंगचा हा प्रवेश बगून आजवर बायांनी इतकं रडावं की थेटरातनं पानी भाईर गटारात जावं. ह्या टायमाला तो आडवा पडला, मान टाकली, आन म्होरं बसलेली एक बाई शेजारनीला म्हनली, "आगं बया, राणीला मिशा फुटाय लागल्यात."

शेजारीन म्हनली, "राजाच्या इरहानं झालं आसंल."

मग जी हसायची लाट उठली ती अशी की मिरजेच्या ठेसनात हुबी आसलेली आगीनगाडी हिसक्यानं हातभर म्हागं सरकली म्हनत्यात. मानसिंग मेलेला हुता, त्येला उठता येईना. डोळं मिटून पडून ऱ्हायला. पापन्यांच्या आत ऊन लाल लाल दिसत हुतं, आन मेल्यावर बी मानसाला समदं ऐकू येतं ह्ये त्येला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळच्याला दादासोंनी त्येला बोलवून घेतलं.

"बस, मानसिंग."

"बसलोच हाय की."

"बाई आणावी लागेल," दादासो म्हनले. "खरी."

मानसिंग उटाय लागला.

"तुला काढत नाही मी. माझ्या वडलांनी आणलेला माणूस तू. पण आता पुरुष पार्ट कर. राजाचं काम मोकळंच आहे, आपला राजा बोलपटात गेला. दसऱ्याला नवीन खेळ लावतोय कोरेगावात. तोवर दोन महिने आहेत. तेवढ्यात पुरुष हो."

"पुरुषच हाय की मी, दादासो."

दादासोंनी त्येच्या खांद्याकडं बोट केलं. बोलता बोलता मानसिंगचा डावा हात खांद्यावर गेला हुता आन पदर सारका करत हुता. अंगात तर सदरा हुता.

"शिकून ये," दादासो म्हनले. "नाही जमलं तर ट्रंका सांभाळ, कपडे सांभाळ, जेवायला कमी पडणार नाही. पण लोकांपुढं उभं राहायचं नाही."

आता अडतिसाव्या वर्सी मानसानं पुरुष व्हायला शिकायचं कुटं? बाई व्हायचं त्येला शिकवलं हुतं, छडी मारून शिकवलं हुतं. कसं बसायचं, कसं उठायचं, ताट वाढताना मनगट कसं वळवायचं. पन पुरुष व्हायची शाळा कुनी काडलेली न्हाई. का, तर समदे जन्मालाच पास हून येत्यात. मानसिंगनं इचार केला आन गावाकडं थोरल्या भावाकडं गेला.

भाऊ लालासाहेब. मेढ्याच्या वर डोंगरात घर. पैल्या लढाईत बसऱ्याला गेलेला, हवालदार हून पेन्शन घेऊन आलेला. त्येच्याबद्दल असं सांगत्यात की दुस्मानाची गोळी त्येच्या मिशीत गुतली हुती, आन त्येनं सांच्याला तंबूत बसून ती फणीनं इचरून काडली. असला मानूस. सैन्यातनं येऊन वीस वर्सं झाली तरी म्हशीला धार काढताना तिला आधी 'सावधान' म्हनायचा.

"पुरुष म्हंजी काय रं मान्या?" लालासाहेब म्हनला. "सोपं हाय. छाती भाईर, प्वाट आत, नजर समूर."

"आन बोलायचं कसं दादा?"

"बोलायचं न्हाई. वरनं हुकूम आला की 'जी सर' म्हनायचं."

"पन मी राजा हाय. राजाला हुकूम कोन देतंय?"

लालासाहेबानं लय येळ इचार केला. "त्येच्या वर बी कोन तरी आसंलच की," म्हनला. "चल, लेफ्ट."

म्हैनाभर अंगनात लेफ्ट राइट चाललं. मेढ्यापतोर बातमी गेली. लोक भाकरी बांधून बगाय यायची, बांधावर वळीनं बसायची. मानसिंग पाय असा आपटायचा की घरावरची कौलं एक एक करून खाली यायची आन लालासाहेब ती रोज सकाळी परत चडवायचा. मिशी वाढवली. आवाज बारीक हुता तो दाबून दाबून खाली नेला, तवा त्यो घागरीतनं बोलल्यागत यायला लागला. वैनी बनुबाई उंबऱ्यात बसून समदं बगायची.

"भावजी," एक दिस ती म्हनली, "राग मानू नगा, पन तुमच्यापरीस आमच्या म्हशीची चाल बरी हाय. निदान तिला ठावं तरी आसतंय कुटं जायचंय."

"म्हस नाटकात घेत न्हाईत वैनी."

"घ्या की. तुमची राणी घेतलीच हुती न्हवं? या, भाकरी थापा दोन. तेवढं मातूर माज्यापेक्षा गोल जमतंय तुमास्नी."

मानसिंग भाकरी थापाय बसला. हात आपसूक फिराय लागले. लालासाहेबानं बगितलं आन वराडला, आन मानसिंग पिठानं भरलेल्या हातानंच ताठ हुबा ऱ्हायला.

गौरी-गनपती झालं तसा तो सांगलीला परत आला. दादासोंनी तालीम लावली. प्रवेश असा हुता की राजा बारा वर्सांनी लढाईवरनं येतोय आन राणीला बगतोय. बास, एवढंच. याकूब पेटीवर बसला हुता. ह्यो याकूब मिरजेचा, कंपनीत पेटी वाजवायचा, मानूस गप्पिष्ट, पन पेटीवर बसला की त्येच्या बोटांनीच बोलायचा. त्येनं सूर धरला आन मानसिंग आला. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. राणीच्या म्होरं येऊन पाय आपटला. फळ्यांतनं धुरळा उठला. कपाळाला हात लावून सलाम ठोकला. "राणी, बारा वर्षांनी तुझं मुख पाहतो आहे," असं हजेरी दिल्यागत एका दमात म्हनला, गर्रकन म्हागं फिरला आन आला तसा निघून गेला. दारात पोचल्यावर डावा हात वर गेला आन खांद्यावरचा पदर सारका केला.

याकूबनं पेटीवरनं हात काडलं.

"दादासो," त्यो म्हनला, "राजा आला का तारवाला आला? घरात कुनी मेलं का बगून येतो."

दादासो हसले न्हाईत. ते हसले असते तर मानसिंगला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हनले, "बारा वर्षांनी आलायस. बायको आहे ती. मेढ्याची चावडी नाही."

तवर खरी बाई बी आली हुती. याकूबचीच भैन, सुरय्या. तिशीतली. मिरजेच्या बाजारात बांगड्या इकायची. नवरा मुंबईच्या गोदीत कामाला गेला आन तिकडंच तापानं वारला. तिचा आवाज असा हुता की मिरजेत 'बांगड्यावालीऽ' म्हनली की सांगलीत सासवा सुनंला म्हनायच्या, जा गं, ती आली. पन स्टेजवर हुबी केली तर खांबागत. दोनी हात अंगापसून लांब, डोक्यावर टोपली आसल्यागत मान ताठ. दादासो डोकं धरून बसलं.

"ह्या खऱ्या बाईला आता बाई कोण शिकवणार?"

समदी मानसिंगकडं बगाय लागली.

मानसिंगला आतून काय झालं ते त्येचं त्येला. पन त्यो उटला. त्येला वाटलं, निदान ह्यात तरी आपली गरज हाय.

"चाल," त्यो सुरय्याला म्हनला. "हितनं तितपतोर."

सुरय्या चालली.

"ही चाल न्हाई. हे जानं झालं. टाच आदी न्हाई, बोटं आदी. आन कंबर एका बाजूला ऱ्हाऊ द्यायची, मग तिला दुसऱ्या बाजूला बोलवायचं."

"मानसिंगभाई, आसं कोन चालतंय? बाजारात आसं चालले तर समद्या बांगड्या फुटतील."

"बाजारात चालू नगंस. हितं चाल. हितल्या बाया आशाच चालत्यात."

"कंच्या बाया?"

चोवीस वर्सं त्यो एकटाच तशी बाई हुता.

रडायचं आलं. सुरय्या खरं खरं रडली, नवऱ्याची याद काडून. नाक लाल, काजळ गळ्यापतोर.

"डोळ्यानं रडायचं न्हाई," मानसिंग म्हनला. "डोळ्यानं घरात रडत्यात. हितं खांद्यानं रडायचं. म्हागल्या बाकावरच्याला डोळं दिसत न्हाईत." आन त्येनं पाठ फिरवून, नुसत्या खांद्यांनी, असा हुंदका दिला की पेटी पुसत बसलेल्या याकूबच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सुरय्या हुशार निगाली. त्येला आठ वर्सात जे आलं ते तिला आठ दिसात आलं. तिनं पैल्यांदा खांद्यानं नीट रडून दाखवलं तवा मानसिंग 'बेस' म्हनला, आन भाईर जाऊन आडाच्या काठाला बसला. शिकवनाऱ्याला बरं वाटायला पायजे. त्येला बरं वाटंना.

सुरय्या म्हागं आली.

"आता तुमचं सांगा. म्हैनाबी न्हाई ऱ्हायला दसऱ्याला."

"माजं काय सांगू. भावानं शिपाई केला. राजा हुईना."

"शिपायाकडं कशाला गेलात? बाजारात या. मी रोज शंभर नवरे बगते."

बुधवारी तिनं त्येला आपल्या दुकानाच्या म्हागं पोत्यावर बसवलं. म्होरं बाया बांगड्या भराय बसलेल्या. बाजूला त्येंचे नवरे हुबे.

"त्यो बगा, तांबड्या पटक्याचा. काय करतुया?"

"काय न्हाई."

"बराबर. काईच करत न्हाई. बायको हात वडून घेती, वराडती, हसती, हिरव्या का लाल म्हनून इच्यारती. ह्यो नुसता हुबा. पन रस्ता त्येचा. बगा, लोक त्येला वळसा घालून जात्यात, त्येला ठावं बी न्हाई."

मानसिंगनं बगितलं. एका पायावर भार. नजर लांब, बैलबाजाराकडं. मानूस जाग्यावर हुता आन तरी कुटंतरी दुसरीकडं हुता.

"आन हात?" त्यो हळूच म्हनला. "हाताचं काय करत्यात?"

"हात?" सुरय्या हसली. "हात हायत ह्ये त्येंना ठावंच नसतंय. लटकत्यात आपलं."

ह्ये ऐकून मानसिंगनं आपलं दोनी हात मांडीखाली दाबलं. चोवीस वर्सात एक घटका अशी गेली नव्हती की आपलं हात कुटं हायत ह्ये त्येला ठावं नव्हतं. निजताना सुदिक बोटं कशी ठिवायची त्येला ठावं हुतं. आता ते इसरायचं कसं? शिकायला गुरू मिळतो. इसरायला कोन मिळनार?

तरी नेट लावला. रोज दुपारच्याला थेटरात तालीम. सुरय्यानं त्येचा डावा हात बांगड्यांच्या लाल दोऱ्यानं कमरपट्ट्याला बांधला. त्यो हुबा ऱ्हायचा, काईच करायचा न्हाई. काईच न करनं एवढं अवघड आसतंय ह्ये त्येला ठावं नव्हतं, घाम यायचा. एक दिस तीन वाक्यं हूस्तर त्यो खरंच सगळं इसरला. सुरय्या खालनं म्हनली, "झालं की मानसिंगभाई, आलं." ती तसं म्हनली आन त्येला आठवलं, आन आतल्या आत हातानं अशी वड घेतली की दोरा तुटला. हात खांद्यावर.

दसऱ्याला आठ दिस ऱ्हायले.

"मला कळंना तू म्हंतीस ते," मानसिंग म्हनला. "एकदा करून दाव."

सुरय्यानं त्येचं पागोटं उचलून आपल्या डोक्यावर ठिवलं. शेला टाकला. तलवार घेतली ती मिरवायची म्हनून न्हाई, काठी घेत्यात तशी घेतली. मानसिंग तिला साथ द्यायला राणीच्या जाग्यावर हुबा ऱ्हायला.

ती आली. ती चालत आली का कशी आली, कुनाला सांगता येनार न्हाई. हुबी ऱ्हायली. एका पायावर भार, नजर राणीच्या डोक्यावरनं लांब कुटंतरी, बारा वर्सं ज्या लढाईत गेली त्या लढाईकडं. मग ती नजर हळूहळू खाली आली.

"राणी," ती म्हनली. एवढंच म्हनली. पुढचं वाक्य तिनं म्हनलंच न्हाई, आन ते समद्यांना ऐकू आलं.

मानसिंगची मान आपोआप खाली गेली. खांदं हलाय लागलं. त्येनं ते केलं नव्हतं, ते झालं. चोवीस वर्सं त्यो येगयेगळ्या राजांच्या म्होरं राणी हून हुबा ऱ्हायला, पन राजा असा त्या दिशी पैल्यांदाच आला. थेटराच्या वळचनीला कबुतरं हुती, ती घुमायची थांबली आन एका वळीत बसून ऱ्हायली.

दारात दादासो हुबे हुते. कवा आले कुनाला कळलं न्हाई.

ते मानसिंगकडं न बगताच म्हनले, "याकूब, कोरेगावची हँडबिलं छापायला गेली का?"

"न्हाई अजून."

"थांबव. नवीन मजकूर देतो. समस्त स्त्रियांची नाटक मंडळी. सगळे पार्ट बायका करणार. राजा सुरय्या. राणीला आपण कवठ्याची धोंडुबाई आणू, फडावर गाते ती. थेटर फाटेल गर्दीनं."

"दादासो, ते काम ह्येंचं हाय," सुरय्या म्हनली. पागोटं काडून तिनं मानसिंगच्या हातात दिलं.

"त्याचं असतं तर आतापर्यंत झालं असतं." दादासो वाईट मानूस नव्हते. ते हळूच म्हनले, पन म्हनले. "तू नाही म्हणालीस तर मी कंपनीला कुलूप लावतो. एवढी सोळा माणसं घरी जातील. त्यात हाही."

सुरय्या त्या सांच्याला मानसिंगकडं आली. त्यो रंगपटात बसून राणीचा शालू घडी करत हुता, धोंडुबाईच्या मापानं निऱ्या धरून.

"मी न्हाई म्हनले आसते मानसिंगभाई. पन घरात सासू हाय, आंधळी हाय."

"तुजं काय चुकलं न्हाई. राजा हाईस तू."

"तुमीच तर शिकवलं."

"मी तुला बाई शिकवली. राजा तू बाजारातनं आनलास." त्येनं घडी मोडली आन परत घातली. "येवढं सांग मला, 'राणी' म्हनताना तू बगत काय हुतीस?"

सुरय्यानं शालूचं दुसरं टोक धरलं. "काय न्हाई," म्हनली. "दुपारच्याला पाटीवर माल किती ऱ्हायला तेच बगत हुते."

मानसिंगनं मान हलवली. हे त्येला चोवीस वर्सांत सुचलं नसतं.

सकाळी त्यो दादासोंच्या दाराशी जाऊन हुबा ऱ्हायला. ट्रंका सांभाळीन म्हनला, शालू नेसवीन म्हनला, धोंडुबाईला रडाय शिकवीन म्हनला. "पन एकदा तरी पडद्याच्या आत हुबं ऱ्हाऊ द्या. बोलत न्हाई. हलत न्हाई. राजवाड्याच्या दाराला दरवान लागतोच की."

"बायकांची कंपनी आहे म्हणून छापतोय. पुरुष दिसला तर लोक पैसे परत मागतील."

याकूब सुपारी कातरत बसला हुता. "मग बाई म्हनून छापा की," त्यो म्हनला. "आजवर काय येगळं छापत हुता?"

तसं झालं. हँडबिलावर शेवटाला, बारीक अक्षरात: दरवान, मनुबाई. म्हंजी मानसिंग आता बाई झाला, आन त्या बाईनं पुरुष व्हायचं.

दसऱ्याच्या म्होरच्या बाजारी कोरेगावात खेळ लागला. गर्दी अशी की मानदेशाकडनं आलेली धनगरं मेंढरं कुटं बांधायची म्हनून ती बी आत घेऊन आली, आन मेंढरांनी तीन अंक हूं का चूं केलं न्हाई. तंबूचं वरचं कापड काडलं हुतं. दुपारचं ऊन सरळ स्टेजवर. मानसिंग राजवाड्याच्या दाराशी, उजव्या कोपऱ्यात. काळ्या मिशा, डोक्याला मुंडासं. भाला त्येनं डाव्या हातात घेतला, म्हंजी त्या हाताला काम ऱ्हाईल. एका पायावर भार टाकला. नजर लांब नेली, लोकांच्या डोक्यावरनं, तंबूच्या दोऱ्यांवरनं, पार भाईर.

सुरय्या आली तवा तंबूत श्वास सुदिक वाजंना. धोंडुबाई खांद्यानं रडली. मानसिंगनं ते बगितलं न्हाई. त्यो हुबा हुता. पैला अंक गेला, दुसरा गेला. नाकावर माशी बसली, तिनं पाय पुसलं, तोंड धुतलं, जेवली, निजली, उठून गेली. त्यो हलला न्हाई. आन मग, तिसरा अंक आर्धा झाला आसंल, त्येला कळलं की डावा हात कुटं हाय ह्ये आपल्याला म्हाईत न्हाई. भाला हाय का पडला तेबी म्हाईत न्हाई. रस्ता आपला हाय. धा पावलांवरनं दोन दरबारी बाया चालत आल्या आन त्येला वळसा घालून गेल्या. त्येला आतून इतकं ग्वाड वाटलं की त्येनं ते बी वाटू दिलं न्हाई.

म्होरं दोन बाया बसल्या हुत्या. भुईमुगाच्या शेंगा फोडत हुत्या.

"राजा झालाय ती बाई हाय म्हनं," एक म्हनली. "मला न्हाई बाई पटत. मानूसच हाय त्यो."

"कागदात हाय की. समद्या बायाच हायत."

"आन त्यो कोपऱ्यातला दरवान?"

"ती बी बाईच."

पैलीनं शेंग दातात धरून मानसिंगकडं डोळं बारीक करून बगितलं. लय येळ बगितलं.

"व्हय," ती म्हनली. "ती मातूर वळकू येती. कितीबी मिशा लावू दे. हुबं ऱ्हायलीया कशी बग की."

मानसिंगला ते ऐकू गेलं. त्यो हलला न्हाई.

नाटक संपलं. पडदा पडला. लोक उठली, मेंढरं उठली. राजाला बगाय तंबूच्या म्हागं एवढी झुंबड उडाली की दादासो, याकूब आन समदी कंपनी तिकडंच गुतून पडली. दरवान आपल्या जाग्यावर हुबाच. इथनं पुढचं कोरेगावची मानसं सांगत्यात तसं. सामान साताऱ्याला न्यायचं हुतं, तितं म्होरला खेळ. हमाल आलं. त्येंनी सिंहासन उचललं, लाकडाचं दोन हत्ती उचललं, राजवाड्याची कमान सोडवली, आन मग मानसिंगला, एकानं पायाकडनं धरला, एकानं डोक्याकडनं.

"ह्यो सागवानाचा केलाय काय रं?"

"मिशा बग कशा कोरल्यात. गाडीवर ठीव, हत्तीच्या मधी ठीव, न्हाई तर घासंल."

मानसिंग दोन हत्तींच्या मधी आडवा साताऱ्यापतोर गेला. कुनी पाय सरळ केलं न्हाईत म्हनून त्येचं पाय सरळ झालं न्हाईत. एका पायावर भार हुता तसाच भार, आडव्यानं. साताऱ्यात थेटराच्या अंगनात समदं सामान उतरवलं, तवा दुसऱ्या दिसाचं ऊन चढलं हुतं. त्येला उचलून भितीला टेकून हुबा केला. बाजूला हत्ती.

एका हमालानं लांब जाऊन बगितलं.

"उनानं रंग उडंल त्येचा," त्यो म्हनला. "तोंड भितीकडं करा."

दोघांनी मिळून त्येला फिरवला, नीट टेकतोय का बगितलं, आन भाकरी खायला गेले.